सगळ्यात जास्त नुकसान ज्याचं, तोच गप्प का? लाल समुद्रातून आंतरराष्ट्रीय राजकारणाची ओळख

राज्यशास्त्राच्या वर्गात आंतरराष्ट्रीय राजकारण बहुधा शीतयुद्धापासून सुरू होतं. वास्तववाद, उदारमतवाद, सत्तासंतुलन असे जडजड शब्द फळ्यावर येतात आणि मुलं ते वहीत उतरवून घेतात. संध्याकाळी मोबाइलवर युद्धाच्या बातम्या बघताना मात्र त्या वहीचा आणि या बातम्यांचा काही संबंध असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. मी उलट्या टोकाने सुरुवात करतो. एक बातमी घ्यायची, तीत एक जहाज शोधायचं आणि मुलांना विचारायचं: हे जहाज कोणाचं?

हे जहाज कोणाचं?

19 नोव्हेंबर 2023 रोजी लाल समुद्रात ‘गॅलॅक्सी लीडर’ नावाच्या मालवाहू जहाजाच्या डेकवर एक हेलिकॉप्टर उतरलं. त्यातून बंदूकधारी उतरले आणि त्यांनी जहाज ताब्यात घेतलं. ते येमेनमधले हूथी बंडखोर होते. या सगळ्याचं चित्रीकरण त्यांनी स्वतःच जगाला दाखवलं. गाझातलं युद्ध थांबेपर्यंत इस्रायलशी संबंध असलेलं जहाज आम्ही सोडणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता या जहाजाचे कागद बघा. झेंडा बहामाचा. मालकी एका इस्रायली उद्योजकाशी संबंधित कंपनीची. चालवणारी कंपनी जपानी. 25 खलाशी, ते बल्गेरिया, युक्रेन, फिलिपिन्स, मेक्सिको आणि रुमानियाचे. निघालं तुर्कस्तानातून आणि चाललं होतं कुठे, तर आपल्या गुजरातेतल्या पिपावाव बंदराकडे.

वर्गात इथे गोंधळ उडतो आणि तो उडायलाच हवा. ‘हे इस्रायलचं जहाज’ म्हणणारे आणि ‘जपानचं’ म्हणणारे दोघेही अर्धे बरोबर असतात. कायद्याच्या भाषेत जहाज ज्या देशाचा झेंडा लावतं त्या देशाचं. पण कर कमी आणि नियम ढिले म्हणून मालक पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं, बहामा अशा देशांत नोंदणी करतात. याला सोयीचा झेंडा म्हणतात. या सोयीची दुसरी बाजू म्हणजे, जहाजावर संकट आलं की झेंड्याच्या देशाकडे पाठवायला आरमार नसतं. ते पंचवीस खलाशी जानेवारी 2025 मध्ये सुटले, म्हणजे चौदा महिन्यांनी. दरम्यान हूथींनी ते जहाज लोकांना बघायला खुलं केलं होतं. माणसं सहलीला यावीत तशी येऊन फोटो काढून जात होती.

चिंचोळी वाट आणि निफाडची द्राक्षं

नकाशात लाल समुद्राला दोन तोंडं आहेत. वरच्या टोकाला इजिप्तचा सुएझ कालवा, 1869 साली सुरू झालेला. खालच्या टोकाला येमेन आणि आफ्रिका यांच्यामध्ये बाब-अल-मंदेब ही सामुद्रधुनी, साधारण 30 किलोमीटर रुंद. आशियातून युरोपला जाणारा माल या दोन्ही दारांतून जातो. जगातल्या कंटेनर वाहतुकीचा अंदाजे तीस टक्के हिस्सा एरवी या वाटेवर असतो. ही वाट बंद झाली तर अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जावं लागतं. त्यात दहा ते चौदा दिवस जास्त लागतात.

डिसेंबर 2023 च्या मध्यावर जगातल्या बड्या कंटेनर कंपन्यांनी हाच वळसा घ्यायचं ठरवलं. वाट कुणी साखळी लावून बंद केलेली नव्हती. पण जहाजाला युद्धाचा विमा लागतो आणि त्याचा हप्ता बघता बघता जहाजाच्या किमतीच्या जवळजवळ एक टक्क्यापर्यंत चढला. म्हणजे दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीचे दहा लाख डॉलर. समुद्र बंद करायला प्रत्येक जहाज बुडवावं लागत नाही, विमावाल्याला घाबरवलं तरी पुरतं. हूथींना हे नेमकं कळलं होतं.

निफाड-दिंडोरीकडच्या बागाईतदारांना ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नाही. युरोपसाठीची द्राक्षं जानेवारी ते एप्रिलमध्ये निघतात. ती पॅकहाउसमध्ये थंड करून रीफरमध्ये, म्हणजे शीतकरणाची सोय असलेल्या कंटेनरमध्ये भरतात आणि न्हावा शेवाहून रवाना करतात. तीन-साडेतीन आठवड्यांत ती रॉटरडॅमला पोचतात. तिथला खरेदीदार पेटी उघडून आधी देठ बघतो. देठ हिरवा असला तर भाव मिळतो, तपकिरी पडला किंवा मणी गळायला लागले तर भाव पडतो. 2024 च्या हंगामात हा प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला आणि कंटेनरचं भाडं दुप्पट-तिप्पट झालं. साखर किती, मणी किती मिलिमीटरचा, औषधाचा अंश किती, सगळं काटेकोर सांभाळलेल्या बागेचा हिशेब येमेनच्या सना शहरातल्या कुणीतरी बिघडवला.

हूथी म्हणजे सरकार की टोळी?

दोन्ही, आणि दोन्ही नाही. घोटाळा इथेच आहे.

हूथी ही उत्तर येमेनमधल्या झैदी शिया समाजातून उभी राहिलेली सशस्त्र चळवळ. त्यांनी 2014 मध्ये राजधानी सना घेतली. मार्च 2015 मध्ये सौदी अरेबियाने मित्रदेशांना घेऊन त्यांच्यावर हवाई हल्ले सुरू केले. सात वर्षं बाँब टाकूनही हूथी हटले नाहीत, उलट येमेनमधली बहुतेक दाट वस्ती त्यांच्याच ताब्यात राहिली. एप्रिल 2022 मध्ये युद्धविराम झाला. हूथी कर घेतात, शाळा चालवतात, नोटांवर नियंत्रण ठेवतात. पण संयुक्त राष्ट्रांत येमेनच्या खुर्चीवर त्यांचा माणूस बसत नाही. ती खुर्ची दक्षिणेतल्या एडन बंदरात बस्तान असलेल्या दुसऱ्या सरकारकडे आहे. इराण सोडला तर हूथींना सरकार म्हणून जवळपास कुणीच मानत नाही.

अशा घटकाला राज्येतर घटक म्हणतात: ताकद देशासारखी, पण देश म्हणून मान्यता नाही. मान्यता नसण्याचे तोटे उघड आहेत. फायदे मात्र लोक विसरतात. जागतिक व्यापार, कर्जं, राजदूत, परिषदा यांतलं काही गमावण्याची भीतीच नसेल, तर धमकावायचं कशाने?

‘मग हे इराणचे प्यादे आहेत का?’ असा प्रश्न हमखास येतो. शस्त्रं आणि तंत्रज्ञान इराणकडून येतं, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालांत वारंवार आलेलं आहे. पण प्यादं म्हटलं की हूथींचं स्वतःचं राजकारण दिसेनासं होतं. त्यांच्या भागात सरकारी नोकरांचे पगार वर्षानुवर्षं रखडले होते, लोक चिडलेले होते. गाझाच्या बाजूने उभे राहिल्याबरोबर देशातले विरोधक गप्प झाले आणि अरब जगात कौतुक झालं ते वेगळंच. इराणने बटण दाबलं असं म्हणण्यापेक्षा दोघांची सोय जुळली, असं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं.

जाता जाता एक गोष्ट. एडन आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. 1839 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ते घेतलं आणि पुढे जवळजवळ शतकभर त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. वासुदेव बळवंत फडके यांचा 1883 मध्ये मृत्यू झाला तो एडनच्याच तुरुंगात. ब्रिटिशांना एडन हवं होतं, कारण त्या तोंडाशी बसलेल्याच्या हातात हिंदुस्थानची वाट होती. आज त्याच सामुद्रधुनीलगतच्या जिबूतीत अमेरिका, फ्रान्स, जपान आणि चीन या सगळ्यांचे लष्करी तळ आहेत. चीनचा परदेशातला पहिला तळ तोच, 2017 मधला.

मग पोलीस कुठे आहेत?

एक हाउसिंग सोसायटी घ्या. दोनशेच्या आसपास फ्लॅट. सेक्रेटरी आहे, पण त्याच्या हाताखाली एकही वॉचमन नाही. मेंटेनन्स थकवणाऱ्याचं तो काही वाकडं करू शकत नाही, आणि तक्रार करायला वर रजिस्ट्रारही नाही. कमिटीत पंधरा जण. त्यातले दहा दोन-दोन वर्षांनी बदलतात, पाच मात्र बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून कायमचे. त्या पाचांतल्या एकाने जरी हात आडवा केला, तरी बाकी चौदांचा ठराव बारगळतो. आणि गंमत म्हणजे बिल्डिंगमधल्या सगळ्यात मोठ्या काठ्या त्या पाच घरांतच आहेत.

1945 मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांची रचना अशीच आहे. 193 सदस्य, 15 जणांची सुरक्षा परिषद आणि त्यातल्या अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स या पाचांना नकाराधिकार, म्हणजे व्हेटो. देशांच्या वर दुसरं सरकार नाही, या अवस्थेला अभ्यासक अराजक म्हणतात. तिथे गोंधळ असेलच असं नाही. धनी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

10 जानेवारी 2024 रोजी सुरक्षा परिषदेत ठराव क्रमांक 2722 मताला आला. तो अमेरिका आणि जपानने मांडला होता. हूथींनी हल्ले थांबवावेत आणि ‘गॅलॅक्सी लीडर’ सोडावं, अशी मागणी त्यात होती. 11 मतं बाजूने, विरोधात एकही नाही. रशिया, चीन, अल्जीरिया आणि मोझांबिक हे चौघे तटस्थ.

रशिया एका हाताने हा ठराव पाडू शकत होता. पाडला नाही. व्यापारी जहाजांवरच्या हल्ल्यांचं समर्थन करताना दिसणं त्याला परवडणारं नव्हतं, आणि अमेरिकेला बाँब टाकायचं प्रमाणपत्रही त्याला द्यायचं नव्हतं. तटस्थ राहून दोन्ही साधलं. अल्जीरियाचं कारण वेगळं होतं: गाझातल्या मृत्यूंकडे काणाडोळा करणाऱ्या ठरावाला आम्ही आमचं नाव जोडणार नाही. म्हणजे तटस्थ मत चार जणांचं दिसलं तरी त्यामागे चार वेगळे हिशेब असू शकतात. बातमीत फक्त आकडा येतो, म्हणून मुलांना मी मतदानानंतरची भाषणं वाचायला लावतो.

ठरावाची भाषाही बघण्यासारखी आहे. हल्ल्यांपासून आपल्या जहाजांचं रक्षण करण्याचा सदस्य देशांना हक्क आहे, याची परिषद ‘नोंद घेते’, असं त्यात म्हटलं होतं. ‘परवानगी देते’ असं कुठेही नव्हतं. दोनच दिवसांनी, 12 जानेवारीला, अमेरिका आणि ब्रिटनने येमेनमध्ये बाँब टाकले. आम्ही स्वसंरक्षण केलं, असं ते म्हणाले. या ठरावाने तुम्हाला असा कोणताही अधिकार दिलेला नाही, असं रशिया म्हणाला. दोघांनी बोट एकाच कागदावर ठेवलं होतं.

ज्याचं नुकसान, तोच गप्प

आता खरा धडा. अमेरिकेने 18 डिसेंबर 2023 रोजी जहाजांच्या रक्षणासाठी ‘प्रॉस्पेरिटी गार्डियन’ ही बहुदेशीय मोहीम जाहीर केली. तीत सामील देशांची यादी समोर ठेवण्याआधी मी मुलांना अंदाज बांधायला सांगतो: कोणते देश सामील झाले असतील? बहुतेक जण म्हणतात, इजिप्त आणि सौदी अरेबिया. कारण साधं आहे, समुद्र त्यांच्या दारातला आणि नुकसानही त्यांचंच.

सुरुवातीच्या यादीत अरब देश एकच होता: बहारीन.

इजिप्तचं उत्पन्न बघा. सुएझ कालव्यातून त्याला 2023 मध्ये सुमारे 10 अब्ज डॉलर मिळाले होते, 2024 मध्ये ते 4 अब्जांवर आले. डॉलरची आधीच चणचण होती. मार्च 2024 मध्ये इजिप्तला आपल्या पौंडाचं मोठं अवमूल्यन करावं लागलं आणि नाणेनिधीकडून कर्ज वाढवून घ्यावं लागलं. जगात या हल्ल्यांनी सगळ्यात मोठा खड्डा कुणाच्या तिजोरीत पडला असेल तर तो याच देशाच्या. तरीही तो अमेरिकेच्या मोहिमेत उघडपणे उतरला नाही.

कारण कैरोच्या सरकारला अमेरिकेपेक्षा कैरोच्या रस्त्याची धास्ती जास्त होती. रोज टीव्हीवर गाझातली उद्ध्वस्त घरं दिसत असताना, ‘आम्ही गाझासाठी लढतो’ म्हणणाऱ्यांवर इजिप्तच्या नौदलाने गोळ्या झाडल्या असत्या, तर लोकांनी त्याचा अर्थ एकच लावला असता. पैसे गेले तर कर्ज काढता येतं. लोकांच्या मनातून उतरलेलं सरकार कसं कोसळतं, हे इजिप्तने 2011 मध्ये पाहिलेलं आहे.

सौदीचं गणित आणखी वेगळं. सात वर्षं लढून हाती काही लागलं नव्हतं. हूथींची क्षेपणास्त्रं सौदीच्या तेलसाठ्यांपर्यंत पोचत होती. मार्च 2022 मध्ये जेद्दाच्या तेलडेपोला लागलेल्या आगीचा धूर तिथल्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या ठिकाणाहून दिसत होता. मग मार्च 2023 मध्ये चीनच्या मध्यस्थीने सौदी-इराण संबंध पुन्हा जुळले आणि सप्टेंबरमध्ये हूथींचं शिष्टमंडळ थेट रियाधला चर्चेला आलं. इतक्या कष्टाने युद्धातून पाय काढत असताना दुसऱ्याच्या मोहिमेत तो पुन्हा अडकवायचा कशाला?

चीनचा युरोपशी होणारा अवाढव्य व्यापार याच वाटेने जातो, आणि त्याचा तळ तर सामुद्रधुनीच्या शेजारीच. तरी तोही आला नाही. अमेरिका आपला पैसा आणि क्षेपणास्त्रं खर्च करतेच आहे, मग आपण बोट दाखवत बसलेलं बरं. आणि बहारीन का आला? अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय बहारीनमध्येच आहे. त्याची सुरक्षाच त्या छत्रीखाली असल्याने ‘नाही’ म्हणणं त्याला सोपं नव्हतं.

‘सर, अखेर सगळं पैशासाठीच असतं ना?’ असं दरवर्षी कुणीतरी ठासून विचारतं. इजिप्तकडे बघा, एवढंच उत्तर मी देतो. देश म्हणजे फायदा-तोटा मोजणारा एक माणूस नव्हे. त्याच्या आत खुर्चीची काळजी असलेलं सरकार असतं, संतापलेली जनता असते, मागच्या युद्धाचे व्रण असतात. बातमी वाचताना ‘या देशाचा फायदा कशात’ याच्या आधी ‘या सरकारला घरी कोणाला तोंड द्यायचंय’ असं विचारलं, तर निम्मी कोडी सुटतात.

‘म्हणजे आंतरराष्ट्रीय कायदा नुसता कागदावरच?’

ही निराशा रास्त आहे, पण अर्धवट आहे. याच काळातली दुसरी गोष्ट सांगतो. डिसेंबर 2023 मध्ये ‘रुएन’ हे माल्टाचा झेंडा असलेलं जहाज सोमाली चाच्यांनी पळवलं. मार्च 2024 मध्ये भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने ते भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे 2,600 किलोमीटरवर गाठलं. विमानातून मार्कोस कमांडो उतरवले. चाळीस तासांनी 35 चाचे शरण आले आणि 17 खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना मुंबईत आणून मुंबई पोलिसांच्या हवाली केलं आणि गुन्हा यलो गेट पोलीस ठाण्यात नोंदला गेला.

जहाज भारताचं नव्हतं, घटना भारतीय पाण्यात घडलेली नव्हती, तरी कुणाचीही तक्रार आली नाही. कारण खुल्या समुद्रावरची चाचेगिरी हा सगळ्या जगाविरुद्धचा गुन्हा आहे आणि चाच्यांना कोणताही देश पकडू शकतो, यावर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारात ते लिहिलेलं आहे आणि भारताने त्यासाठी 2022 मध्ये स्वतःचा कायदाही केला.

मग हूथींना तोच नियम का लागू होत नाही? त्या करारात चाचेगिरी म्हणजे खाजगी हेतूसाठी केलेला हल्ला. हूथी राजकीय मागणी पुढे करतात, आणि त्यांच्या मागे एक देश उभा आहे. सोमाली चाच्यांच्या मागे कुणीच नव्हतं. देशांचं एकमत असेल तिथे कायदा चालतो. एकमत नसेल तिथे तोच कायदा वकिलांसारखा दोन्ही बाजूंनी वापरला जातो.

‘आणि भारत नेहमी कुंपणावरच का?’

भारत अमेरिकेच्या मोहिमेत गेला नाही. पण घरीही बसला नाही. 23 डिसेंबर 2023 रोजी ‘केम प्लूटो’ या लायबेरियाच्या झेंड्याच्या टँकरवर अरबी समुद्रात, गुजरातच्या किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरवर, ड्रोन आदळलं. जहाजावरचे जवळजवळ सगळे खलाशी भारतीय होते. ड्रोन इराणमधून सुटल्याचं अमेरिकेने सांगितलं, इराणने ते नाकारलं. भारताने जाहीरपणे कुणाकडे बोट दाखवलं नाही, पण ‘मोरमुगाव’, ‘कोची’, ‘कोलकाता’ अशा विनाशिका समुद्रात उतरवल्या. पुढे दहाहून जास्त युद्धनौका त्या पट्ट्यात होत्या. हूथींनी पेटवलेल्या जहाजांची आग विझवायला आणि खलाशी वाचवायला त्या धावल्या. हूथींवर मात्र त्यांनी गोळी झाडली नाही. जानेवारीत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर तेहरानला गेले आणि भारताच्या आसपास जहाजांवर होणाऱ्या हल्ल्यांबद्दल तिथे जाहीरपणे चिंता व्यक्त केली.

याला व्यूहात्मक स्वायत्तता म्हणतात: कुठल्याही एका गोटाला बांधून न घेता प्रत्येक प्रश्नावर आपला निर्णय आपण घेणं. काहींना यात भित्रेपणा दिसतो. मला वाटतं, आखातात राहणारी सुमारे 90 लाख भारतीय माणसं, इस्रायलकडून येणारी शस्त्रं, भारताने पैसा घातलेलं इराणमधलं चाबहार बंदर आणि तेलाची आयात हे सगळं एकाच वेळी सांभाळणाऱ्याला मोकळेपणाने बाजू घेण्याची चैन परवडत नाही. 2015 मध्ये येमेनमधून साडेचार हजारांवर भारतीय बाहेर काढता आले, ते सौदीशीही बोलता येत होतं आणि सना ताब्यात असलेल्यांपर्यंतही निरोप पोचवता येत होता म्हणून. पण या धोरणाची किंमत असते, हेही मुलांना सांगायला हवं. सगळ्यांशी बोलणारा अडचणीत आला, तर त्याच्यासाठी धावून येण्याचं वचन कुणीही दिलेलं नसतं.

करार झाला, पण कोणापुरता?

अमेरिकेने मार्च 2025 मध्ये हूथींवरचे हल्ले अचानक वाढवले आणि 6 मे रोजी तितक्याच अचानक थांबवले. ओमानने मध्यस्थी केली होती. आम्ही बाँब टाकणार नाही, तुम्ही आमच्या जहाजांवर हल्ले करू नका, एवढाच सौदा. त्यात इस्रायलचा समावेश नव्हता, आणि बाकी जगाच्या व्यापाराची हमीही नव्हती. जुलैमध्ये हूथींनी ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजं एका आठवड्यात बुडवली. दोन्ही ग्रीक कंपन्यांची, झेंडा लायबेरियाचा. दुसऱ्या जहाजावरचे काही खलाशी जिवानिशी गेले.

जगातल्या सगळ्यात मोठ्या आरमाराने एवढ्यावर समाधान का मानलं? एक कारण निव्वळ हिशेबाचं आहे. काही हजार डॉलरचं ड्रोन पाडायला अमेरिकी युद्धनौका सुमारे 20 लाख डॉलरचं क्षेपणास्त्र सोडत होत्या. अशी क्षेपणास्त्रं कारखान्यातून दर महिन्याला ढिगाने निघत नाहीत, आणि चीनशी कधी वाजलंच तर ती पॅसिफिकमध्ये लागतील, ही चिंता वॉशिंग्टनमध्ये उघड बोलली जात होती. दुसरं कारण म्हणजे, या वाटेने अमेरिकेपेक्षा युरोपचा माल जास्त जातो, मग खर्च आपण का करायचा, ही ट्रम्प सरकारमधली कुरबुर. ज्या इस्रायलवरून हे सगळं सुरू झालं, त्यालाही या सौद्याची आगाऊ कल्पना दिलेली नव्हती, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या.